खिळ्याने बांधलेली माती

भावजींच्या प्लॉटवर मुंगी शिरायला जागा नव्हती. सगळ्यांचे डोळे दाबमापकाच्या काट्यावर. माती तपासणारा जमिनीत पाडलेल्या बोअरमध्ये सोडलेली रबरी नळी पंपाने फुगवत होता, पण भोवतालची चिकणमाती हटायला तयार नव्हती. पावसाळ्यात हीच माती लोण्यासारखी बाजूला सरली होती. मग भावजी ज्यांना गुरू मानत त्या बाबांनी मंत्र म्हणून तिच्यात तांब्याचा खिळा पुरला, आणि आज, ऐन उन्हाळ्यात, काटा तिपटीवर गेला.

"मी काही केलं नाही," बाबा डोळे मिटून म्हणाले. "धरणीआईला म्हटलं, पदर आवळ. तिने आवळला."

लोकांनी हात जोडले. भावजींनी तिथल्या तिथे खोल पाया रद्द करून उथळ पाया ठरवला.

तपासणाऱ्याने पंप बाजूला ठेवला. घर व्हायचं होतं ते त्याच्या ताईचं; भावजी तिचे यजमान. त्याची बायको वारल्यापासून त्याला दोन घास मिळत होते ते ताईच्याच हातचे.

तो सांगत सुटला. आकडा खरा, अर्थ खोटा. माती वाळली की कणांमध्ये हवा शिरते, थोडं पाणी उरतं, आणि ते उरलेलं पाणी कणांना एकमेकांकडे खेचून धरतं. काट्याने मातीबरोबर ही ओढही मोजली. पावसाचं पाणी मुरून माती पूर्ण भिजली की ओढ संपली. त्याने त्याच बोअरमधलं वाळकं ढेकूळ पाण्याच्या ग्लासात टाकलं. बुडबुडे आले, ढेकूळ ढासळलं, तळाशी नुसता चिखल.

सगळे ग्लासाभोवती वाकले. मग भावजी म्हणाले, "पण ग्लासात खिळा कुठे होता?"

हशा पिकला. त्याने खिळा मागितला, तर बाबांनी कानांवर हात ठेवले. देवाची परीक्षा घेऊ नये म्हणे. निदान जागेवर पाणी मुरवून पुन्हा तपासू, असं तो विनवत राहिला. पालथ्या घड्यावर पाणी.

संध्याकाळी ताईने त्याला ताट वाढलं.

"मला पटलं रे तुझं," ती हळूच म्हणाली. "पण माझं ऐकतंय कोण? तू एवढंच सांग, नव्या घरात कुठल्या खोलीत झोपू?"

त्याने घास ताटात ठेवला.

"कुठल्याच नको, ताई. कोरड्या मातीवर भरवसा ठेवायचा तर आधी ती भिजवून बघावी. बाबांनाही तसंच तपासून घ्यावं. खरं असेल ते टिकेल."

ताईने मान डोलावली. बाहेर भावजी काँक्रीटच्या गाडीवाल्याला फोनवर सांगत होते, सकाळी लवकर ये.