बाकावरचे गैरहजर

नियम म्हटला की तो कडकच हवा, असं मानणारी माणसं प्रत्येक कचेरीत असतात, आणि कारभारही बहुधा त्यांच्याच हाती असतो. अमेरिकेतल्या लेक सुपीरियर या अफाट तळ्याच्या काठावरच्या त्या लहानशा कॉलेजात अशी लॉरेन कोस्केला होती. ती तिथली डीन. गुणांची सरासरी चारपैकी दोनच्या खाली गेली की विद्यार्थी प्रोबेशनवर, म्हणजे तंबी देऊन नजरेखाली, आणि प्रोबेशनवर असताना पुन्हा घसरला की नाव कमी. नाव कमी करण्याआधी त्यानं समितीपुढे येऊन आपली बाजू मांडावी, एवढी सवलत नियमातच होती. त्यासाठी जानेवारीत, सुट्टी संपायच्या आत, समितीची बैठक होत असे.

पण बाजू मांडायला कुणी येतच नसे. काटकसरीत समितीच्या सेक्रेटरीची जागा रद्द झाली, तेव्हापासून एकही पोर त्या दारातून आत आलं नव्हतं. नाव वाचायचं, "गैरहजर" म्हणायचं, पुढचं नाव घ्यायचं. लॉरेन घरी नवऱ्याला तोऱ्यात सांगे की ज्यांना स्वतःची पर्वा नाही, त्यांच्यासाठी आपण का जीव काढायचा. तो बिचारा पुढ्यातली मांस-बटाट्याची पेस्टी खात मान डोलावी.

इमारत पूर्वी तांब्याच्या खाणीची कचेरी होती. खाणीत उतरलेला एक म्हातारा कामगार कधी वर आलाच नाही, आणि हिवाळ्यात तो इथल्या बोळातून फिरतो, अशी गावात वदंता होती. बैठकीच्या दिवशी बंद दाराबाहेर खरोखरच कुणी तरी खोकल्यासारखं वाटे. फळ्या करकरत. बैठक संपवून बाहेर यावं तर भिंतीलगतच्या बाकाखाली पाण्याची थारोळी! लॉरेननं रेडिएटर तपासून घेतला. तो कोरडा ठणठणीत निघाला. समितीतला क्रेग स्टोबर हिशेबशास्त्र शिकवायचा आणि बाकी वेळ विनोद करायचा. तो म्हणाला, "म्हातारा वर आला असेल, बूट ओले असणारच त्याचे." सगळे हसले. लॉरेनही हसली, पण त्या दिवशी घरी जाताना ती मागचा बोळ टाळून पुढच्या दारानं गेली.

पुढच्या वर्षी बैठकीला दुपारीच दिवे लावावे लागले. तळ्यावरून बर्फाचं वादळ येत होतं आणि खिडक्यांबाहेर नुसतं पांढुरकं काही तरी हलत होतं. दाराकडे पाठ करून लॉरेन बसली होती. नावं भराभर उरकत होती.

"ब्रेना रुओना, दुसरं वर्ष," क्रेगनं वाचलं. "प्रोबेशनवर होती. पुन्हा तीन विषय गेले."

तेवढ्यात लॉरेनच्या मानेवर शहारा आला. दारापलीकडून, अगदी जवळून, कुणी तरी पुटपुटत होतं. "माझं नाव ब्रेना रुओना. मी..." मग शांतता. मग पुन्हा तेच, तितक्याच हळू. "माझं नाव ब्रेना रुओना. मी..."

लॉरेननं समितीतल्या बाकी दोघांकडे पाहिलं. त्यांनी काही ऐकल्याचं दिसलं नाही. आत्ताच ऐकलेलं नाव आपल्याच कानात घुमतंय, असं तिनं स्वतःला समजावलं. उठून दार उघडायला फार तर तीन पावलं लागली असती. तिला उठवेना. भीती वाटली हे खरं कारण, पण माणूस स्वतःशी एवढं खरं बोलतो कुठं!

"गैरहजर," क्रेगनं मोठ्यानं म्हटलं. त्यावर समितीतला तिसरा, वेंडेल प्रायर, बोलला. त्यानं सारा जन्म रसायनशास्त्र शिकवण्यात घालवला होता आणि त्याला कशाचीच घाई नसे.

"लॉरेन, गैरहजर कुणाला म्हणायचं?"

"जो आला नाही त्याला. आणखी कुणाला?"

"नाही. ज्याला हाक मारली आणि तरी जो आला नाही, त्याला. पूर्वी सेक्रेटरीबाई बाहेर जाऊन नाव पुकारायच्या. त्या गेल्या. त्यानंतर हाक कोण मारतं?"

"ज्याला गरज आहे तो दार ठोठावेल," क्रेग म्हणाला. "का आपण आता कडेवर घेऊन आणायचं?"

"जो दोनदा नापास झालाय, त्याला दार ठोठावण्याचा धीर उरतो होय? माझ्या वर्गातल्या हुशार पोरांनाही तो नसतो."

लॉरेन ऐकत नव्हती. दारामागचं पुटपुटणं थांबलं होतं आणि जड पावलं दूर जात होती. आता मात्र ती उठली. तिनं दार उघडलं.

बाक रिकामा होता. त्याखाली बुटांवरून वितळलेल्या बर्फाचं पाणी होतं, आणि त्या पाण्यातून निघालेली ओल्या ठशांची रांग बोळाच्या टोकाशी, मागच्या दाराकडे गेली होती. भुताचे पाय उलटे असतात म्हणे. हे पाय सरळ होते, आणि लहान होते. ते मागचं दार गावाकडे उघडत नाही, तळ्याकडे उघडतं.

लॉरेन कोट न घेता तशीच धावली. बाहेर आभाळ कुठं संपतं आणि बर्फ कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. पावलं काठापर्यंत गेली होती आणि काठावर थांबली नव्हती. जानेवारीत तिथलं बर्फ अजून कच्चं असतं, हे त्या गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि त्या कच्च्या बर्फावर एक करडी आकृती आत, आत चालत निघाली होती.

"ब्रेना! ब्रेना रुओना!"

कित्येक वर्षांत त्या कॉलेजनं मारलेली ती पहिली हाक होती! आकृती थांबली. बराच वेळ ती नुसतीच उभी राहिली, मग वळली, आणि आपल्याच पावलांवर पाय ठेवत परत आली. निळ्या टोपीखाली एक साधा, रडून सुजलेला चेहरा होता.

"कुठं निघाली होतीस, पोरी?"

"ठाऊक नाही. घराच्या वाटेला पायच वळेनात." तिनं बाहीनं नाक पुसलं. "मी केव्हाची बसले होते, मॅडम. मेलमध्ये लिहिलं होतं, बाहेर थांबा, तुमचं नाव पुकारलं जाईल. मी आत काय बोलायचं ते घोकत होते. मग आतून 'गैरहजर' ऐकू आलं. मला वाटलं, तुमचं ठरलंय."

सेक्रेटरीची जागा गेली, पण तो जुना मजकूर दरवर्षी तसाच जात राहिला होता. आत तिघं ठोठावण्याची वाट पाहत होते, बाहेर पोरं हाकेची. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, तशातली गत!

ब्रेनाला आत आणून पांघरूण दिलं, कॉफी दिली. तिच्याकडे मोठं कारण काहीच नव्हतं. ऑक्टोबरमध्ये वर्ग चुकले, मग तोंड दाखवायची लाज वाटली, आणि लाजेपायी आणखी चुकले, एवढंच ती म्हणाली. समितीनं तिला आणखी एक सत्र प्रोबेशनवर ठेवलं, दर आठवड्याला वेंडेलला भेटायच्या अटीवर. क्रेगनं त्या दिवशी पुन्हा विनोद केला नाही.

पण लॉरेनच्या डोळ्यांपुढून ती थारोळी हलेनात. दर वर्षीची. त्या बाकावर कोण कोण बसून गेलं होतं? दुसऱ्या दिवसापासून तिनं जुनी नावं काढून फोन लावायला घेतले. काही नंबर बंद झाले होते. काहींनी ऐकून फोन ठेवला. एका नंबरवर एक म्हातारा माणूस बोलला. कोल्बी हेक्किनेनचे वडील.

"तुमच्या मुलाच्या अभ्यासाबद्दल मला तुमच्याशी बोलता येत नाही, कायदा आहे तसा," लॉरेन म्हणाली. "मी माझ्याबद्दल सांगते. त्या दिवशी तो दाराबाहेर बसला होता, आणि आम्ही त्याला हाक मारली नाही."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"तो हेच म्हणत होता," म्हातारा म्हणाला. "दिवसभर बसलो, कुणी बोलावलंच नाही, म्हणत होता. कॉलेजच्या पत्रात तर 'गैरहजर' होतं, आणि कॉलेज खोटं कसं सांगेल? मी त्याला खोटारडा म्हटलं. त्याच रात्री घर सोडून गेला तो. तुम्हाला माहीत आहे का हो, तो कुठं आहे?"

लॉरेनला माहीत नव्हतं. तिनं तसं सांगितलं, आणि फोन ठेवल्यावर टेबलावर डोकं टेकून ती खूप रडली.

आता बैठकीच्या दिवशी ती स्वतः बोळात जाते, प्रत्येकाचं नाव मोठ्यानं घेते आणि उत्तर येईपर्यंत थांबते. वाचकहो, नियम कडक असोत, त्याला कुणाची ना नाही. पण तुमच्या घरात, वर्गात, कचेरीत कुणाला गैरहजर ठरवण्याआधी एकदा उठा, दार उघडा आणि त्याला नावानं हाक मारा. तो खोटं बोलतो असं मानण्याआधी तर नक्कीच. कोल्बी हेक्किनेनला लॉरेन अजून शोधते आहे.