लेडीज प्रीसेट

अमृत सरांच्या गिटार क्लासमध्ये देव दोन. एक भिंतीवरच्या फोटोत आणि दुसरा टेबलावर, टर्किश टॉवेलात गुंडाळलेला. भिंतीवरच्याला उदबत्ती रोज मिळेलच असं नाही. टॉवेलातल्याला मात्र दसऱ्याला झेंडूचा हार, हळदकुंकू आणि वर्षभर 'हात लावू नका' एवढी सेवा ठरलेली होती.

हा दुसरा देव म्हणजे मल्टी-इफेक्ट पेडल. पाटाएवढा लोखंडी डबा, त्यावर पायाने दाबायची चार बटणं आणि एक छोटासा पडदा. गिटारची वायर एका बाजूने आत जाते, दुसऱ्या बाजूने आवाज स्पीकरकडे जातो आणि मधल्यामध्ये डबा त्या आवाजाला घुमवतो, फाडतो, थरथरवतो, काय वाटेल ते करतो. एकेका बटणाखाली आवाजाचं एकेक सोंग आधीच जुळवून ठेवलेलं असतं, त्याला म्हणायचं प्रीसेट. सरांनी चारही प्रीसेटांचं बारसं स्वतः केलं होतं. पहिला वाघ, दुसरा तुफान, तिसरा बुलेट आणि चौथा लेडीज.

वाघ सरांच्या पुतण्यासाठी राखीव. तुफान आणि बुलेट बाकीच्या मुलांमध्ये वाटून. आणि क्लासच्या धुळ्याच्या अन् जळगावच्या शाखेत मिळून जेवढ्या मुली, त्या सगळ्यांना मिळून एक लेडीज. एसटीत मुलींसाठी निदान सहा सीटा तरी असतात.

लेडीजचा आवाज कसा, तर शेजारच्या घरात कुणीतरी, दार लावून, उशीखाली गिटार वाजवतंय असा. "मुलींच्या हाताला नाजूक टोन शोभतो," सर म्हणायचे. हा नाजूक टोन त्यांनी घरी, हेडफोन लावून, डोळे मिटून जुळवला होता. तिथे तो म्हणे अप्सरेसारखा वाजायचा. अप्सरा हेडफोनच्या बाहेर कधी आली नाही, हा भाग वेगळा.

धुळ्यातल्या देवपूरच्या मृणालीला ही गोष्ट मागच्या वर्षी कळली, आणि तीही आत्याच्या तोंडून. क्लासचा वार्षिक कार्यक्रम जळगावला असतो. तिची रुक्माबाई आत्या जळगावातच राहते. आत्या आली, शेवटच्या रांगेत बसली ("मी मांगेच बसस. पंखा तठेच शे."), आणि कार्यक्रम संपल्यावर चारचौघांत म्हणाली, "काय वं मृणाली, तू वाजाडी राहिंती का नुसती खाजाडी राहिंती? बठ्ठा पोरेस्नं ऐकाले उनं. तुन्हंच काय उनं नही."

सगळ्या पोरांचं ऐकू आलं, हिचं तेवढं आलं नाही, म्हणून लोक हसले. मृणालीही हसली, कारण दुसरं काय करणार. पण परतीच्या गाडीत एरंडोल येईपर्यंत ती कुणाशी बोलली नाही, आणि मृणालीला ओळखणाऱ्यांना ठाऊक आहे, हे म्हणजे गिरणा उलटी वाहण्यासारखं.

त्यानंतर वर्षभर तिने दोन कामं केली. एक म्हणजे त्या पेडलचं माहितीपुस्तक मोबाइलवर उतरवून घेतलं आणि बीजगणितापेक्षा जास्त मन लावून वाचलं. दुसरं, आत्या तिला लहानपणी झोपवताना जी अहिराणी चाल गुणगुणायची ती गिटारवर बसवली. सरांना ऐकवली तेव्हा सर म्हणाले, "गिटारवर अंगाई? लोकांना झोपवायचंय का? असू दे. लेडीजवर वाजव." मग तिने आत्याला फोन करून सांगितलं, "आत्या, यंदा ऐकू येईल." आत्या म्हणाली, "पाहू." या 'पाहू'चा अर्थ खानदेशात सगळ्यांना कळतो. त्यात विश्वास औषधालाही नसतो.

दहावीची परीक्षा संपली, मे उजाडला आणि कार्यक्रमाचा दिवस आला. धुळ्याहून सगळे बसने निघाले. सरांनी पेडल मांडीवर घेतलं होतं, आणि पारोळ्याला एका बाईने पाच वर्षांच्या पोराला जरा मांडीवर घ्या म्हटलं तर सरांनी डब्याकडे बोट दाखवून मान हलवली.

जळगावच्या हॉलवर साउंडवाले भाईदासभाऊ वायरी पसरून बसलेच होते. आवाजाची चाचणी सुरू झाली. आधी डिंपलने लेडीजवर वाजवलं. डिंपल जळगावच्या शाखेतली, मृणालीची मैत्रीण. भाईदासभाऊंनी कान पुढे केला, मग आवाज चढवला, मग आणखी चढवला. "वाजवतेय ना ताई?" त्यांनी विचारलं.

"केव्हाची वाजवतेय, भाऊ."

तेवढ्यात सरांच्या पुतण्याने पुढे येऊन वाघावर पाय ठेवला. त्याचं नाव भटू. पोस्टरवर मात्र 'बॉबी' छापलं होतं, काळा चष्मा लावलेल्या फोटोखाली. बॉबीने एकदाच तार छेडली आणि हॉलच्या खिडक्यांच्या काचा थरथरल्या. वरच्या माळ्यावर बसलेलं कबुतरांचं अख्खं कुटुंब उठून बाहेर गेलं.

भाईदासभाऊंनी हातातला चहा खाली ठेवला. "सर, मागच्या वर्षी तुमच्या वाघाने माझा एक स्पीकर खाल्ला. आठवतं ना? पोरगी आली की मी वर चढवायचं, हा आला की धावत खाली आणायचं, माझे हात काय तिथे चिकटवून ठेवू? एक तर डब्यातले चारही आवाज एका पातळीवर आणा, नाहीतर मी सगळ्यांनाच एवढंसं सोडतो." आणि त्यांनी चिमटीत 'एवढंसं' दाखवलं. ते लेडीजपेक्षाही लहान होतं.

सरांनी टॉवेलने कपाळ पुसलं. पेडलच्या पोटात शिरून काही बदलायचं म्हणजे काय दाबायचं, हे त्यांना वर्षातून एकदा आठवायचं आणि तो दिवस आज नव्हता. पण सर ते सर. "हे किरकोळ काम आहे," ते म्हणाले. "साफसफाईच म्हणा ना. मृणाली, तू कर. मुलींना अशा कामात चिकाटी असते. आम्ही जरा कचोरी खाऊन येतो."

पुरुषमंडळी कचोरी खायला गेली. देवाला पाय सगळ्यांचे लागायचे, हात मात्र पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाचा लागला. कोपऱ्यात गेल्या दसऱ्याचं कुंकू अजून होतं. मृणालीने आधी ते पुसलं. साफसफाई सांगितली होती ना.

"आता काय करायचं?" डिंपलने विचारलं.

"तू शेवटच्या रांगेत जा. पंख्याखाली. पाठ करून बस. मी एकच ओळ वाजवणार, त्याच गिटारवर, तेवढ्याच जोराने, बटणं बदलून बदलून. आधीच्यापेक्षा मोठी वाटली तर हात वर कर, बारीक वाटली तर खाली."

"आणि सारखी वाटली तर?"

"तर कचोरी मी देईन."

डिंपल लगेच गेली.

मृणालीने पडद्यावर पाहिलं आणि तिला हसूच आलं. प्रत्येक प्रीसेटच्या शेवटी एकूण आवाजाचा एक आकडा असतो. वाघाचा टोकाला जाऊन पोचलेला आणि लेडीजचा निम्म्याच्याही खाली. नाजूक टोनचं सगळं रहस्य एवढंच. वर आवाजाची जाड आणि बारीक ही दोन्ही टोकं फुगवून मधला भाग कापून टाकला होता. हेडफोनमध्ये हे झकास लागतं. हॉलमध्ये ढोलकी आणि कीबोर्ड सुरू झाले की त्यात काहीच उरत नाही, कारण गिटारचा जीव त्या मधल्याच भागात असतो. वाघाचंही मधलं कापलेलंच होतं, पण तो नुसत्या आरडाओरड्यावर निभावून नेत होता. अशी माणसंही असतात.

तिने लेडीजचं मधलं भरून काढलं, घुमारा कमी केला, आकडा वर आणला. वाघालाही मधलं दिलं आणि त्याचा आकडा खाली आणला. मग ओळ, बटण, ओळ, बटण. मागे डिंपलचा हात वर, खाली, वर. पहिल्यांदा फसगत झाली. वाघानंतर काहीही वाजवलं तरी डिंपलचा हात खालीच. झणझणीत शेवभाजीवर वरण खाल्लं की वरण अळणीच लागणार, त्यात वरणाचा काय दोष. मग तिने क्रम बदलला. दोन ओळींच्या मध्ये जरा गप्प बसायचं, कान निवू द्यायचे, मग पुढची.

शेवटी डिंपलचा हात मधोमध थांबला. वर नाही, खाली नाही, वाहतूक पोलिसासारखा आडवा. चारही प्रीसेटांना.

डिंपल धावत स्टेजवर आली. "आता लेडीज थोडा वर सरकव. थोडासाच. कोण बघतंय?"

मृणालीचा अंगठा खरंच बटणावर गेला. आकडा दोन घरं वर सरकलासुद्धा. वर्षभर तिला ती खाजवण्याची गोष्ट झोपेत ऐकू येत होती. दोन घरं म्हणजे काय मोठंसं. आत्या खुर्चीतून उडालीच असती, चांगलं झालं असतं.

"मग आत्या म्हणेल पेडल छान वाजलं," ती म्हणाली आणि आकडा परत खाली आणला.

"येडी आहेस तू."

"असू दे. चल, कचोरी."

सर परत आले, त्यांनी पेडलकडे वाकून पाहिलं आणि म्हणाले, "व्वा. कुंकूसुद्धा काढलंस."

संध्याकाळी हॉल भरला. रुक्माबाई आत्या शेवटच्या रांगेत, पंख्याखाली, पर्स मांडीवर घेऊन बसली. पहिलाच नंबर बॉबीचा. दिवे मंद झाले, धुराचं मशीन फुसफुसलं, बॉबी काळा चष्मा लावून आला, केस मागे उडवले आणि वाघावर दाणकन पाय ठेवून तार छेडली.

काच थरथरली नाही. गिटार वाजली. स्वच्छ, ठळक, मधल्या जिवासकट, बाकीच्या वाद्यांच्या बरोबरीने. आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच सगळ्यांना ऐकू आलं की बॉबी काय वाजवतो. बॉबी तीन सूर वाजवत होता. तेच तीन. मधे एक चौथा यायचा, पण तो चुकून.

बॉबीला वाटलं बटण बसलं नाही. त्याने परत लाथ मारली. सरांनी भाईदासभाऊंना खूण केली, वर, वर. भाईदासभाऊंनी आनंदाने आवाज वर घेतला. आता ते तीन सूर रस्त्यापर्यंत नीट पोचले. पुढच्या रांगेतले एक आजोबा बायकोला म्हणाले, "याचं अजून ट्यूनिंगच चाललंय का?" बायको म्हणाली, "चष्मा काढला तर दिसेल त्याला."

सर पडद्यामागे मृणालीच्या कानाशी आले. "वाघाचं काय केलंस?"

"काही नाही सर. बाकीच्यांच्या बरोबरीला आणलं."

"वाघ कुणी बरोबरीला आणतं का?"

"भाईदासभाऊंनी सांगितलं होतं. साफसफाई."

"आत्ताच्या आत्ता पूर्वीसारखा कर."

"करते ना. पण मग लेडीजही तेवढाच वर न्यावा लागेल, नाहीतर भाऊ सगळ्यांनाच एवढंसं सोडतील." तिने चिमूट दाखवली. सरांनी चिमटीकडे पाहिलं, मग भाईदासभाऊंकडे. मग ते टॉवेल शोधायला निघून गेले.

मधे तुफान झालं, बुलेट झाली, डिंपल झाली. डिंपलचे वडील वाजवणं संपल्यावरही उभेच होते, कारण मुलगी वाजवते हे त्यांना आजवर फक्त फीच्या पावतीवरून माहीत होतं.

मग मृणाली. तिने बटण दाबलं आणि आत्याची चाल सुरू केली. पहिला सूर गेला तो थेट मागच्या भिंतीला लागून परत आला, तिला स्वतःलाच ऐकू आला, आणि त्या आनंदात दुसऱ्या ओळीत जिथे वर जायचं तिथे ती सरळ खाली उतरली. ढोलकीवाल्याने मान वर केली. मागच्या वर्षी अशा दहा चुका खपल्या असत्या. उशीखाली सगळं खपतं. आज जागाच नव्हती लपायला. पण तिचा हात थांबला नाही. तिसरी ओळ तिने पकडली आणि शेवटपर्यंत नेली.

टाळ्या पडल्या. किती, ते तिने ऐकलं नाही. ती स्टेजवरून उतरून थेट मागे गेली.

आत्या पर्समधून रुमाल काढून बसली होती. डोळे पुसलेले असतील किंवा घाम, मे महिना होता.

"दुसरी ओळमा चुकनी ना तू?" आत्या म्हणाली. "तठे वर जावाले पाहिजे व्हतं. तू खाले उतरनी."

मृणालीने आत्याला अशी मिठी मारली की पर्स खाली पडली. "परत सांग ना आत्या."

"चुकनी, त्यामा हासाले काय शे वं?"

तेवढ्यात भुसावळच्या काकांचा फोन आला, आत्याने कान आणि खांदा यांच्यामध्ये तो धरला. काका विचारत होते, यंदा तरी पोरीचं काही ऐकू आलं का. मृणालीने हळूच फोन काढून घेतला, त्याचा स्पीकर चालू केला आणि आत्याच्या तोंडासमोर धरला. सर शेजारूनच पेडल छातीशी धरून चालले होते.

"हां, उनं ना ऐकाले," आत्या म्हणाली. "बठ्ठं उनं. चुकनी ते बी उनं."