लंकाबाईचा निळा माठ

मित्रांनो, मला घाम येतो. म्हणजे पूर्वी यायचा. आता येत नाही, आणि का येत नाही तेच तुम्हाला सांगायचं आहे. मी एक म्हातारा माठ आहे, साध्या मातीचा, कुंभाराच्या हातचा. पण मला बघाल तर तुम्हाला हसू आवरणार नाही. गळ्यापासून बुडापर्यंत मी चकचकीत निळा आहे. माठाला असा रंग कुणी देत नाही. मला दिला, आणि ज्या बाईने दिला तिच्यावर माझा तिळमात्र राग नाही.

माझा जन्म जामखेड तालुक्यातल्या एका लहानशा गावात झाला. भिमाजी कुंभाराने ओढ्याकाठची माती आणली, चाळली, तीत राख आणि घोड्याची लीद कालवली आणि ती पायांनी तुडव तुडव तुडवली. लिदीचं नाव ऐकून नाक मुरडू नका. मलाही त्याची बरीच वर्षं लाज वाटायची. मग मी चाकावर गरगरलो, थापीचे फटके खाल्ले आणि भट्टीत भाजून निघालो. त्याच भट्टीतून माझ्याच मापाचा आणखी एक माठ निघाला. मला बालवाडीसाठी नेलं, आणि तो बिचारा गिऱ्हाईक नाही म्हणून भिमाजीच्या पडवीत पडून राहिला.

बालवाडी म्हणजे चावडीशेजारची एक खोली, पुढे मोकळं आवार आणि आवारात एक लिंबाचं झाड. शिकवायला मरियाबाई होत्या. त्या नगरच्या, शिकवण्याचं शिक्षण घेऊन आलेल्या. त्यांच्याकडे चित्रांचं पुस्तक एकच, तेही पानं सुटलेलं. पण त्यामुळे त्यांचं कधी काही अडलं नाही. सकाळी लिंबाची सावली जिथे संपेल तिथे त्या मुलांना एक दगड ठेवायला लावायच्या, दुपारी दुसरा, आणि मग विचारायच्या, "सावली कुठं निघाली? झाड तर जागेवरच आहे." मुंग्यांच्या रांगेत साखरेचा दाणा ठेवून सगळ्या वर्गाला पालथं पडून बघायला सांगायच्या. उत्तर त्या स्वतः होऊन कधी सांगत नसत. मुलांनी दहा चुकीची उत्तरं दिली तरी त्या दहाही मन लावून ऐकत.

आणि लंकाबाई होती. खोली झाडणं, मुलांना घरोघर जाऊन गोळा करणं, त्यांची नाकं पुसणं, पाणी भरणं, सगळं तीच करायची. मुलं तिला मावशी म्हणायची. रोज सकाळी ती मला आतून बाहेरून धुवायची, तिवईवर ठेवायची आणि फडक्याने गाळून पाणी ओतायची. दुपारी मुलं धावत यायची, घटाघट पाणी प्यायची आणि म्हणायची, "मावशी, काय गार हाय गं." श्रेय लंकाबाईला मिळायचं, पण खरं सांगू का, छाती माझी फुगायची.

मग बहात्तर सालचा दुष्काळ आला. ओढा आटला, विहिरींचा तळ दिसला. मुलांच्या आया तलावाच्या कामावर माती उचलायला जाऊ लागल्या आणि बालवाडी दिवसभर भरू लागली. मुलांना दुपारी गूळ-पिठाची कोरडी सुकडी मिळायची, आणि सुकडी खाल्ली की तहान लागते. पाणी टँकरचं, तेही सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारी. टँकर बरोबर आमच्या दारापुढे उभा राहायचा, आणि पाण्याची वाटणी सरपंच आबासाहेबांकडे होती. आबासाहेब कडक माणूस. स्वतःच्या घरीसुद्धा एक हंडा जास्त जाऊ दिला नाही त्यांनी, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. बालवाडीला वापरायला दोन हंडे आणि प्यायला मी, एवढा हिशोब त्यांनी ठरवून दिला होता.

त्र्याहत्तरच्या चैत्रातली गोष्ट. शनिवारी टँकर आला, लंकाबाईने मला गळ्यापर्यंत भरलं, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली कनवटीला लावली. सोमवारी सकाळी आबासाहेब टँकरच्या आधीच आले. बाहेर बायांची हंड्यांची रांग लागलेली. त्यांनी माझ्यावरचं झाकण उचललं, आणि आत बोटं घालून पाणी मोजलं.

"शनवारी गळ्यापतुर हुता," ते म्हणाले. "आता चार बोटं खाली हाय. पोरं तर दोन दिस हितं न्हवती."

त्यांनी खाली वाकून तिवईखालच्या जमिनीवर हात फिरवला. "गळतोय म्हनावं तर जमीन कोरडी ठाक." मग ते वळले. "लंका, किल्ली तुज्यापाशीच असती नव्हं?"

बस, एवढंच विचारलं त्यांनी. ओरडले नाहीत, चोर म्हणाले नाहीत. पण दाराबाहेरच्या रांगेने ते ऐकलं. दुष्काळात पाणी चोरणं म्हणजे दुसऱ्याच्या लेकराच्या तोंडचं काढणं, आणि हे त्या रांगेतल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. लंकाबाईने फक्त "व्हय" म्हटलं.

मित्रांनो, मला त्या वेळी किती वाईट वाटलं म्हणून सांगू. मला माहीत होतं की लंकाबाईने घोटभरसुद्धा घेतलं नव्हतं. दोन रात्री आणि एक अख्खा दिवस मी एकटा होतो, खोलीत चिटपाखरू फिरकलं नव्हतं. पण पाणी गेलं कुठे, हे मलाही माहीत नव्हतं. माझ्याच पोटातलं पाणी, आणि माझाच मला पत्ता नाही!

मरियाबाईंनी तोच प्रश्न मुलांना घातला. कुणी म्हणालं चिमणी प्याली, कुणी म्हणालं पाल प्याली, एकाने तर भुतावर आळ घेतला. पाच वर्षांची चांगुणा बराच वेळ माझ्याकडे बघत बसली होती. ती म्हणाली, "माठालाबी तहान लागत आसंल, बाई." सगळे हसले. मरियाबाई हसल्या नाहीत. "असेल," त्या म्हणाल्या, "आपण बघू या."

लंकाबाईला मात्र बघत बसायला धीर नव्हता. त्या सोमवारी टँकरवर बायांनी तिला पुढे होऊ दिलं, पण तेव्हापासून कुणी तिच्याशी बोलत नव्हतं. बुधवारी मुलं गेल्यावर ती माझ्याजवळ बसली आणि तिने दोन्ही हातांनी माझं अंग चाचपलं. तळवे ओले झाले. ती तळव्यांकडे बघत राहिली. "ही वल कुठनं येती?" ती स्वतःशीच म्हणाली. "आतनंच येत आसंल. तूच सांडतोयस की रं बाबा."

आबासाहेबांना सुचलं नाही ते तिला सुचलं होतं, तेही एक अक्षर न शिकता. पण यापुढे तिने जे केलं ते फक्त आमच्या गावची बाईच करू शकते. तिची बैलजोडी गेल्या पावसाळ्यातच छावणीवर गेली होती. पोळ्याला शिंगं रंगवायला आणलेला निळा तेलीरंग डब्यात तसाच राहिला होता. तो डबा ती घेऊन आली, माझं पाणी हंड्यात ओतून मला रात्रभर वाऱ्यावर वाळवलं, आणि पहाटे वर-खाली एकही फट न ठेवता दोन हात रंग दिला. वासाने माझं डोकं भणभणलं. लंकाबाई मात्र समाधानाने म्हणाली, "आता बगू कसं सांडतोस."

गुरुवारी रंग वाळेपर्यंत मुलं हंड्यातलं पाणी प्याली. शुक्रवारी मला भरलं. दुपारी चांगुणा तांब्या तोंडाला लावते न लावते तोच तिने तोंड वाकडं केलं. "मावशी, पानी ऊन हाय. अन् वास मारतोय."

एकामागून एक मुलं आली, एकेक घोट घेऊन परत गेली. जन्मात पहिल्यांदा माझ्याकडे कुणी पाठ फिरवली होती. लंकाबाईने झाकण काढून बघितलं. पाणी एक रेघही उतरलं नव्हतं, पण अंघोळीला काढावं तसं कोमट होतं. तिने कपाळाला हात लावला. "बाई, मी हे काय करून बसले. पानी ऱ्हायलं, पन पोरांच्या उपेगाचं न्हाई ऱ्हायलं."

मरियाबाईंनी माझ्या कोरड्या अंगावरून हात फिरवला. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी मुंग्यांच्या रांगेपाशी पाहिलं होतं. "लंकाबाई," त्या म्हणाल्या, "तुम्ही काही बिघडवलं नाही. तुम्ही अर्धं उत्तर काढलंय. आता उरलेलं अर्धं आपण काढू, आणि आबासाहेबांनाही बोलावू."

शनिवारी भिमाजी डोक्यावर माझा जुळा भाऊ घेऊन आला. तो पडवीत बसून धुळीने माखला होता, पण ठणठणीत होता. मरियाबाईंनी आम्हाला शेजारी शेजारी बसवलं, मी निळा आणि तो मातकट. दोघांत सारखं पाणी भरलं. मुलांनी दोन सारख्या काड्या आणल्या. काडी आत बुडवून पाणी जिथवर येईल तिथे कोळशाने खूण केली. आबासाहेब भिंतीला टेकून हा पोरखेळ बघत होते. "टँकरचं पानी हाय बाई, खेळन्याचं न्हाई," ते एकदा म्हणाले. "एक थेंब सांडणार नाही," मरियाबाईंनी उत्तर दिलं, "फक्त या वेळेला कुलूप तुम्ही लावा आणि किल्ली तुमच्याच खिशात राहू द्या." आबासाहेबांनी कुलूप दोनदा ओढून बघितलं.

त्या दोन रात्री माझ्या जिवाला चैन नव्हती. शेजारी भावाचं अंग हळूहळू ओलसर होत होतं आणि मी कोरडाच्या कोरडा. मला वाटत होतं, याचंही पाणी उतरलं नाही तर? मग लंकाबाई या गावात तोंड कशी दाखवणार?

सोमवारी रांग लागलेली असतानाच आबासाहेबांनी कुलूप काढलं. मुलं आत घुसली. मरियाबाईंनी काडी आधी माझ्यात घातली. पाणी जवळजवळ खुणेवरच होतं. मग भावात घातली. चांगुणाने खूण आणि पाणी यांच्यामध्ये आपली इवली बोटं ठेवून मोजली आणि मोठ्यांदा सांगितलं, "पाच." आबासाहेबांनी स्वतःची बोटं ठेवली. चार भरली.

त्यांनी जमिनीवर हात फिरवला. कोरडी. त्यांनी खिसा चाचपला. किल्ली तिथेच होती.

"मग ग्येलं कुठं?" आबासाहेबांनी विचारलं, आणि मला आठवतं, ते विचारताना ते अगदी बालवाडीतल्या मुलासारखे दिसत होते. मरियाबाईंनी फडकं ओलं करून त्यांच्या मनगटावरून फिरवलं. "फुंकर घाला," त्या म्हणाल्या. आबासाहेबांनी फुंकर घातली. "गार लागतंय." "आता बघत राहा." मनगट हळूहळू सुकलं. "ओल कुठं गेली?" चांगुणा आबासाहेबांच्या आधी म्हणाली, "वाऱ्यावर." "आणि जाताना काय घेऊन गेली?" दारातून भिमाजी म्हणाला, "ऊन घिऊन ग्येली आसंल. म्हनून तर मागं गार ऱ्हातंय." मग त्याने लिदीची गोष्ट सांगितली. मातीत कालवलेली लीद भट्टीत जळून जाते आणि तिच्या जागी डोळ्याला न दिसणारी भोकं राहतात. त्यांतून पाणी बाहेर झिरपतं, वाऱ्यावर उडतं आणि आतलं पाणी गार करून जातं. लंकाबाईच्या रंगाने ती भोकं बुजली होती. मित्रांनो, माझ्या जन्माची लाज मला त्या क्षणी पार गेली.

मुलं एकमेकांची मनगटं ओली करण्यात गुंग झाली. आबासाहेब लंकाबाईजवळ गेले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "झालं ग्येलं इसर. ही घे किल्ली."

लंकाबाईने हात पुढे केला नाही.

"हितं नगं, आबासाहेब," ती म्हणाली. "त्या दिशी रांगंला आयकू जाईल आसं इचारलं हुतं. आता सांगायचं तर रांगंलाच सांगा."

आबासाहेबांच्या तोंडावर गावात असं कुणी बोलत नसे. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि ते बाहेर जाऊन टँकरजवळ उभे राहिले. मला दारातून त्यांची पाठ दिसत होती.

"बायांनो, आयका," ते म्हणाले. "लंकानं पानी घेतलं न्हाई. माठातलं पानी वाऱ्यानं जातं, ते मला ठावं न्हवतं. मी न बगता बोललो. माजं चुकलं."

रांगेतली पहिली बाई आपला हंडा उचलून बाजूला झाली आणि तिने लंकाबाईला हाताला धरून पुढे घेतलं. इतक्या दिवसांत जिने डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं ती लंकाबाई तेव्हा रडली.

पाणी गार करण्याचं काम त्या दिवसापासून माझ्या भावाकडे गेलं. भिमाजी म्हणाला की पुन्हा भट्टीत घातलं तर रंग जळून जाईल, पण मी तडकेन याची भीती होती, आणि लंकाबाईने ते होऊ दिलं नाही. पुढे कितीतरी वर्षं दर चैत्रात आम्हा दोघांना शेजारी बसवून नव्या मुलांना काड्या घालायला देत. बाकीचे दिवस मी कोपऱ्यात असे, पाटीच्या पेन्सिली सांभाळत. मला गारवा देता येत नाही याची रुखरुख वाटते, नाही म्हणणार नाही.

तुमच्या घरी माठ असेल तर त्याला रोज घासा, धुवा, आणि रंग देऊन सजवू मात्र नका. त्याचा घाम त्याला येऊ द्या. आणि कुणाबद्दल संशय आला, तर बोलण्याआधी दोन माठ शेजारी ठेवून दोन रात्री थांबा. दोन माठांपुरतं पाणी कुठूनही मिळेल. लंकाबाईला तेवढी सवड कुणी दिली नव्हती, तिला ती स्वतः काढावी लागली.