डोकं वळलं का बघा

मित्रांनो, मी एक जुना बोल्ट आहे. दाराला लावतात तो नव्हे, एका जुन्या लष्करी रायफलीचा. रायफल म्हटलं की लोकांना तिची लांब नळी आणि लाकडी दस्ता आठवतो, माझं नाव कोणी घेत नाही. पण नळीचं मागचं तोंड मीच बंद करतो आणि गोळी सुटते तेव्हा मागे येणारा सगळा धक्का मी एकटा पेलतो.

माझी रचना नीट समजून घ्या. बाहेरून मी एक पोकळ दांडा आणि त्यात आट्यांवर फिरणारं पोलादी डोकं. मला सरळ पुढे ढकललं की डोकं आपोआप वळतं आणि त्याचे दात रायफलीच्या खाचांत घट्ट अडकतात. पण घडवणाऱ्याने माझ्यात एक खोड ठेवली. साफ करून जोडताना डोकं एक आटा चुकीचं बसलं, तरी मी निमूटपणे रायफलीत शिरतो, बंदही होतो. फक्त डोकं वळत नाही. मग गोळी जाते पुढे आणि मी मागे, नेम धरणाऱ्याच्या तोंडावर.

हे एकदा घडलं आहे. बराकीतल्या शस्त्रांची देखभाल करणारे मिस्त्री तेव्हा तरुण होते. त्यांनी मला घाईत जोडलं आणि एका शिपायाचा डोळा गेला. शिपायाने त्यांना एका शब्दाने बोल लावला नाही, त्याचंच त्यांना जास्त लागलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. त्या दिवसापासून रायफलीत घालण्याआधी ते मला टेबलावर उभा धरून तळव्याने दाबायचे, डोकं वळताना बघायचे आणि मोठ्याने म्हणायचे, "वळलं." जवळ कोणी नसलं तरी म्हणायचे. तीस वर्षांत त्यांनी हे एकदाही चुकवलं नाही. माझे सुखाचे दिवस तेच.

पुढे नव्या रायफली आल्या आणि आमची रवानगी नेमबाजी क्लबच्या काचेच्या कपाटात झाली. तिथे मी गंजत पडलो. उद्या क्लबचा वर्धापनदिन आहे आणि माझ्याच रायफलीतून पहिला बार मिस्त्रींनी काढायचा असं ठरलं आहे. आता त्यांचे हात थरथरतात, डाव्या डोळ्याने दिसत नाही. म्हणून आज दुपारी मला साफ करायला त्यांची मुलगी बसली. ती घड्याळं दुरुस्त करते, बोटं मोठी हलकी. तिने मला मोकळं केलं, गंज काढला, तेल दिलं. किती वर्षांनी कोणी मायेने हात लावला! मी सुखावलो. आणि मग तिने डोकं एक आटा चुकीचं बसवलं.

"झालं बाबा. एकही भाग उरला नाही," ती म्हणाली. घड्याळाच्या बाबतीत तेवढं पुरतं.

खुर्चीतून मिस्त्रींनी विचारलं, "वळलं का?"

"हो, बसलं व्यवस्थित."

"बसलं का ते नाही विचारत गं. वळलं का?"

"वळलं हो बाबा. किती वेळा विचाराल?"

तिने पाहिलंच नव्हतं. ती तेलाच्या बाटलीचं झाकण लावत होती. मिस्त्रींनी समाधानाने मान हलवली. स्वतःच्या कामावर त्यांनी कधी विश्वास ठेवला नाही, पण मुलीच्या हातावर त्यांचा पूर्ण विश्वास आहे. तिने मला रायफलीत ढकललं. कुठेतरी अडून बसावं, निदान करकरावं, असं मला फार वाटलं. पण तिने तेल इतकं छान दिलं होतं की मी आवाज न करता आत गेलो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मित्रांनो, बसलं म्हणजे बरोबर बसलं असं नसतं. आणि म्हाताऱ्या माणसाने एकच प्रश्न दोनदा विचारला, तर उत्तर देण्याआधी एकदा बघत जा. उद्या सकाळी दहा वाजता मिस्त्री दस्त्याला गाल टेकवतील आणि त्यांचा उजवा डोळा बरोबर माझ्या मागे असेल. तुमच्यापैकी कोणी क्लबच्या बाजूने जाणार असेल, तर दहाच्या आत जा. त्यांच्या मुलीला म्हणावं, ताई, चिडू नका, फक्त बोल्ट बाहेर काढा आणि डोकं वळतं का बघा.