पांढरेबाबांचं तीर्थ आणि सोळा कलमांचा कागद

गुरुवारी अक्कलकोट रोडवरच्या पांढरेबाबांच्या मंडपात शिरायचं, तर आधी चपला हरवायची तयारी ठेवावी लागते. एमआयडीसीतल्या टॉवेल आणि चादरींच्या कारखान्यांतले कामगार त्या दिवशी कुटुंबकबिल्यासह लोटतात. प्रत्येकाला दारातच एक लाल दोरा मिळतो. समोर चौरंगावर कोमट तीर्थाचा तांब्याचा हंडा आणि त्यामागे नखशिखांत पांढऱ्या कपड्यांतले बाबा.

"हा दोरा लाल का? तुमच्या पापानं लाल!" बाबा माईकवर गरजतात. "हे पाणी नव्हे, बाळांनो, ही सत्याची भट्टी आहे. बुडवा! नाव घ्या! सायन्सवाल्यांना म्हणावं, करून दाखवा!"

भक्त दोरा बुडवतो, मिनिटभर नाव घेतो, वर काढतो. दोरा पांढरा! मंडप दणाणतो. आयुष्यभर सुताला रंग चढवण्यात हात झिजवलेली माणसं रंग उतरल्याचं नवल करत टाळ्या पिटतात. याला काय म्हणावं?

मी धर्मपाल. तिथून हाकेच्या अंतरावर एका डाय-हाउसमध्ये, म्हणजे सूत रंगवायच्या कारखान्यात, केमिकलचं स्टोअर सांभाळतो. लोकांच्या खुळचटपणावर हसत मी आणखी दहा वर्षं काढली असती. पण आमच्याकडे सूत गुंडाळणारी शिवम्मा बुधवारी स्टोअरच्या दारात येऊन रडायला लागली.

तिची नात पायल, वय नऊ, तिला दमा. बाबांचा उपाय असा: पाच गुरुवार तीर्थ प्यायचं, त्यात लिंबू पिळून, आणि दम्याचा पंप बंद. दुसऱ्या गुरुवारनंतर पोरीचे ओठ निळे पडले. दोन दिवस दवाखान्यात काढावे लागले. डॉक्टरांनी विचारलं, पोटात काय गेलं? शिवम्मा म्हणाली, तीर्थ. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

"बाबा म्हंत्यात, पाप छाती फोडून भाईर पडालंय. आता मदीच थांबलं तर पोरगी जाईल. अय्यो, अण्णा, मी काय करू? उद्या तिसरा गुरवार हाय."

तिनं पदराची गाठ सोडून अंगाऱ्याची पुडी दाखवली. घरी तीर्थ करायचं झालं तर यातली चिमूट पाण्यात टाकायची. पांढरी पूड, वरून मोगऱ्याचं अत्तर. मी हुंगली. अत्तराखालून जळक्या गंधकासारखा वास आला. हा तर आमचा हायड्रो! सुताचा रंग चुकला की तो उतरवायला आम्ही हेच वापरतो.

आमचे रंगमास्तर वीरभद्रप्पा तीस वर्षं हायड्रोच्या वाफेत उभे आहेत आणि दर गुरुवारी मंडपातही असतात. त्यांना पुडी दाखवली.

"वास वळकीचा वाटला हुता," ते खाली बघत म्हणाले. "पर देवाच्या दारात कुटं नाक लावायचं?"

हसलो नाही, कारण माझंही पितळ उघडं पडणार होतं. प्रत्येक केमिकलबरोबर विकणाऱ्यानं एक कागद द्यायचा असतो: सुरक्षा माहितीपत्रक, सोळा कलमांचं. पहिल्याच कलमात मालाचं नाव, पुरवठादाराचं नाव, पत्ता, फोन. दुसऱ्यात धोका काय तो. आमच्याकडे त्यांची जाडजूड फाईल आहे. खंडेनवमीला यंत्रांबरोबर तिचीही पूजा होते, झेंडूची माळ पडते. मी कुंकू लावत नाही, पण ती उघडतही नव्हतो. स्टोअरवाला मी! लाज वाटली.

त्या दिवशी उघडली. कुंकवानं चिकटलेली पानं सोडवत हायड्रोचं पत्रक काढलं. मागे मराठी पानही होतं. पहिल्या कलमातला फोन लावला.

"पांढरेबाबांचा मठ? व्हय, आमचं गिऱ्हाईक हाय की," पुरवठादार खुशीत म्हणाला. "म्हैन्याला दोन ड्रम जात्यात. चलनावर 'पूजा साहित्य' लिवा म्हंत्यात."

"आणि माहितीपत्रक?"

"दर खेपेला देतो. नको म्हंत्यात. कशाला हवंय त्यांना हायड्रो?"

"पोरांना पाजायला."

त्यानं मंडपाची वेळ विचारून घेतली. मग म्हणाला, "मी उद्या येतो."

तिसऱ्या गुरुवारी मी रांगेत उभा राहिलो. बाबांचा लाल दोरा खिशात घातला आणि आमच्या कारखान्यातला निळीत रंगवलेला दोरा हंड्यात बुडवला. निळीची एक खोड असते. हायड्रोत ती पिवळट होते आणि हवेत आली की पुन्हा निळी.

दोरा पिवळट निघाला. "गेलं! पाप गेलं!" बाबा ओरडले. जयजयकार झाला. मी दोरा माईकसमोर उंच धरून उभा राहिलो. बघता बघता तो हिरवट झाला, मग निळा.

"महाराज, माझं पाप परत आलं," मी म्हणालो. "मिनिटभराच्या सुट्टीवर गेलं होतं का?"

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. आमच्या वीरभद्रप्पांनी तेवढ्यात चौरंगामागचं भगवं कापड ओढलं. खाली निळा ड्रम, त्यावर ज्वालेचं चित्र. गर्दीतून पुरवठादार पुढं आला आणि म्हणाला, "ह्यो माजाच माल हाय."

शिवम्मा पायलला घेऊन पुढेच बसली होती; मी बुधवारीच नको म्हणालो होतो, पण मधेच थांबलं तर पोरगी जाईल या भीतीनं ती आलीच. पोरीच्या हातात तीर्थाचा पेला, लिंबू पिळून तयार. मी पत्रकाचं मराठी पान पायलसमोर धरलं. चौथीतली पोर, खडाखडा वाचायला लागली.

"गिळल्यास अपायकारक. आम्लाशी संपर्क आल्यास विषारी वायू बाहेर पडतो. श्वासाचे विकार असलेल्यांनी..." ती थांबली. "अज्जी, आम्ल म्हंजे लिंबू की गं?"

शिवम्मानं पेला तिच्या हातातून काढून घेतला. मला वाटलं, फेकून देईल. तिनं फेकला नाही. ती चौरंगावर चढली आणि पेला बाबांच्या तोंडापुढं धरला.

"घ्या म्हाराज. तुमीच प्या."

"आज माझा उपवास आहे, माई."

"तीर्थाला कसला उपवास? प्या की!"

बाबा मागे सरकले. माईक सुरूच होता, त्यामुळे त्यांची धाप सगळ्या मंडपानं ऐकली. आता टाळी वाजवायला कोणी हात उचलला नाही. मी फोन करून बोलावलेले पोलीस येईपर्यंत शिवम्मानं पेला खाली ठेवला नाही, आणि पायलनं पंपाचे दोन झुरके तिथंच घेतले.

वाचकहो, देवावर विश्वास ठेवायचा की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. पण लेकराच्या तोंडाला जे लावाल त्याचं नाव विचारा. कोणी बनवलं, पोटात गेलं तर काय होतं, फोन कुणाला करायचा, हेही विचारा. विषाचा ड्रम विकणाऱ्यालासुद्धा आपलं नाव, पत्ता आणि धोका कागदावर लिहून द्यावा लागतो. तीर्थ देणाऱ्याकडं आपण तेवढंही मागत नाही.