चुकीच्या खिडकीखालचा वाढदिवस

माझ्या लेकीचा, सुखदाचा दहावा वाढदिवस आला, तेव्हा तिचा धाकटा भाऊ ओजस कित्येक आठवड्यांपासून चिंचवडच्या हॉस्पिटलमध्ये होता. आजार रक्ताचा, संसर्गाची भीती, त्यामुळे आईशिवाय कुणालाच आत सोडत नसत. "ओजसशिवाय मी केक कापणार नाही," सुखदाने बजावलं. मी चाकणच्या कंपनीत प्लॅनिंग मॅनेजर, तेव्हा प्लॅन अर्थातच माझा: ओजस खिडकीत, आम्ही खाली पार्किंगमध्ये.

केक स्कूटरच्या सीटवर ठेवला. तिसऱ्या मजल्यावर ओजसचं तुळतुळीत डोकं दिसलं. औषधांनी त्याचे केस गेले होते. मी घसा फाडून वाढदिवसाचं गाणं सुरू केलं, नाचलोसुद्धा. वॉचमन तोंडात बोट घालून बघत राहिला. वरूनही जोरजोरात हात हलले आणि मला भरून आलं.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. "अहो, कुठे आहात? ओजस कधीचा खिडकीत उभा आहे."

"अगं, त्याच्याकडे बघूनच तर गातोय!"

"आमची खिडकी मागच्या बाजूला आहे."

मी चष्मा पुसून वर पाहिलं. एक टकले आजोबा अजूनही हात हलवत होते.

मी केक उचलून पळणार, तर सुखदा जागची हलेना. "बाबा, गाणं अर्धंच झालंय. त्यांना वाईट वाटेल."

मग आजोबांसाठी ते पूर्ण केलं. मागे जाऊन ओजससाठी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, तर तो फोनवर म्हणाला, "बाबा, तू नको गाऊ. ताईला गाऊ दे."