मंत्राची लांबी

कुकरची शिट्टी झाली.

नानासोंच्या बेदाणा शेडपुढच्या अंगणात दीडदोनशे माणसं श्वास रोखून बसली होती. शीताग्नी महाराजांचे डोळे मिटलेले होते, हातातली माळ थांबली होती, आणि एवढ्यात घरातल्या प्रसादाच्या डाळीनं कुणालाही न विचारता शिट्टी मारली. महाराजांनी एक डोळा उघडला, स्वयंपाकघराच्या दिशेनं पाहिलं आणि लगेच हात उंचावला.

"ऐकलंत? अन्नपूर्णेनं हुंकार दिला!"

गर्दीनं हात जोडले. कडेला लेकीला मांडीवर घेऊन बसलेल्या अंकिताला हसू फुटलं, ते तिनं साक्षीच्या केसांत लपवलं. शिट्टीसुद्धा वाया जाऊ देत नाही हा माणूस, असं तिच्या मनात आलं.

महाराज कुठले ते गावात कुणाला धड ठाऊक नव्हतं. कुणी हिमालय सांगे, कुणी गिरनार. गाडीची पाटी मात्र चिंचवडकडची होती. त्यांच्यापुढे चौरंगावर हातभर लांबीची काचेची नळी आडवी ठेवलेली होती. नळीच्या वर आणि खाली आरशासारखे चकचकीत, वाकवलेले पत्रे, आणि त्यांच्या पोटात बोटाएवढे काचेचे दिवे. हा शंकराचा तिसरा डोळा. शेजारी पुरुषभर उंचीचं काहीतरी भगव्या कापडात गुंडाळून त्याला झेंडूच्या माळा घातल्या होत्या. तो ब्रह्मदंड. ब्रह्मदंडातून एक रबरी पाइप नळीत गेला होता आणि तिसऱ्या डोळ्यातून निघालेली वायर नानासोंच्या मीटरकडे. बिल कोण भरणार याची चिंता महादेवाला नसावी.

"कोळसा नाही, धूर नाही, ज्वाळा नाही," महाराज खर्जात बोलू लागले. "हा शीत अग्नी! देह जाळत नाही, पाप जाळतो. पोलादाची पट्टी आधी मुठीत धरायची, मग ती या डोळ्यात जाईल. मन निर्मळ असेल तर पट्टी लाल होऊनही चांदीसारखी बाहेर येईल. मनात काळं असेल तर पट्टी काळीनिळी! आधी आष्ट्याच्या एका चोराची पट्टी पाहा. नाव घेत नाही, त्याचीही आई-बहीण आहे."

शिष्य बिरदेवनं कागदाएवढी पातळ पट्टी तारेच्या आकड्याला अडकवून नळीत सरकवली आणि बटण दाबलं. दिवे पेटले. दहा-बारा आकडे मोजावेत तेवढ्यात पट्टी कुंकवासारखी लाल झाली. बायकांनी पदर तोंडाला लावले. दिवे विझले, महाराज एक ओळ पुटपुटले आणि त्यांनी चिमट्यानं पट्टी झटकन बाहेर ओढली. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ती निळी झाली, मग काळपट.

"आई गं!" भामाबाई ओरडली. "मेल्याच्या तोंडागत झाली!"

मग खुद्द नानासोंनी पट्टी मुठीत धरली. पुन्हा दिवे, पुन्हा लाल. दिवे विझल्यावर महाराजांनी मंत्र सुरू केला, तो संपेना. एकदा झाला, दोनदा झाला, तिसऱ्यांदा झाला. बिरदेवनं शंख फुंकला. मग सावकाश, अगदी प्रेमानं, पट्टी बाहेर आली. लख्ख!

"नानासो निर्मळ हाय!" कुणीतरी गर्जलं. नानासोंनी फेटा नीट केला, जणू त्यांना याची खात्रीच होती.

अंकिताचं हसू मात्र तोवर विझलं होतं, कारण तिसरी पट्टी शालूबाईंच्या मुठीत जाणार होती.

शालूबाई साठीच्या. वीस वर्षं नानासोंच्या शेडवर द्राक्षं जाळीवर पसरत, बेदाणा निवडत आलेल्या. शेडला लागून असलेली एक खोली, तेवढंच त्यांचं घर. अंकिता कुपवाडच्या एमआयडीसीत पाळीला जायची तेव्हा साक्षी याच खोलीत असायची. अंकिताचा नवरा प्रशांत फौजेत, जम्मूकडे. साक्षीचं पहिलं पाऊल त्यानं फोनवर बघितलं, तेही शालूबाईंनी फोन उलटा धरला होता म्हणून डोकं खाली पाय वर.

गेल्या महिन्यात चार दिवस आभाळ भरून आलं होतं. "मालक, पडदे सोडा, दमट हवा हाय, माल काळा पडंल," असं शालूबाई आठ माणसांपुढे म्हणाल्या. नानासोंनी ऐकलं नाही. माल काळा पडला. मग मालकाची चूक झाकायला कुणाची तरी नजर लागणं भागच होतं, आणि शालूबाईंशिवाय 'काळा पडंल' असं तोंडातून कुणी काढलं होतं? निकाल आधी लागला, महाराज नंतर आले. पट्टी काळी निघाली की आजच खोली रिकामी करायची आणि गावात त्यांना कुणी कामाला बोलवायचं नाही, हेही नानासोंनी सकाळीच जाहीर करून टाकलं होतं.

आदल्या दिवशी चौरंगावरची मांडामांड पाहून अंकिता नानासोंना सांगायला गेली होती. "काका, आमच्या कारखान्यात असलेच दिवे असतात."

"तुझ्या कारखान्यात शंकराचा डोळा हाय व्हय?" नानासो हसले होते. "पोरगी तिच्याकडं ठेवतीस, म्हणून तिचा पुळका. घरी जा."

कारखान्यात अंकिता पट्टीच्या लाइनवरच होती. पोलादाची पट्टी लांबलचक बोगद्यातून सरकते, वरून दिव्यांची उष्णता पडते, पट्टी लाल होते, पुढे थंड होते आणि मगच बाहेर निघते. बोगद्यात हवा नसते, नायट्रोजन भरलेला असतो. पहिल्याच आठवड्यात एकदा पट्टी गरम असतानाच बाहेर निघाली आणि सगळं वेटोळं निळं पडलं. सुपरवायझर खूप ओरडले, पण त्यांनी कुणाच्या चारित्र्यावर संशय घेतला नाही. पट्टी हळू सोडायला सांगितलं.

तेच इथं होतं. भगव्या कापडाखाली सिलिंडर. गॅस तर चोरालाही तोच होता आणि नानासोंनाही तोच. फरक कुठे होता? अंकिताला तो आत्ता कळला होता. मंत्राच्या लांबीत! छोटा मंत्र म्हणजे लाल पट्टी उघड्या हवेत. तीनदा मंत्र म्हणजे पट्टी नळीतच थंड. न्याय देवाच्या हातात नव्हता, चिमट्याच्या घाईत होता.

"शालूबाई, पुढं या," महाराज म्हणाले.

शालूबाई उठल्या. त्यांनी पट्टी मुठीत धरली. "माज्या मनात काय बी न्हाई महाराज," त्या म्हणाल्या. "मी फकस्त पडदे सोडा म्हनलं."

"ते अग्नी ठरवील."

अंकितानं झरझर विचार केला. आत्ता बोललं तर कुणी ऐकणार नाही. पट्टी काळी निघाल्यावर बोललं तर आणखीच नाही. नळीपाशी धावलं तर चार जण धरून बाजूला बसवतील. पट्टी आत गेली. दिवे पेटले. पट्टी लाल झाली. दिवे विझले. महाराजांनी चिमटा उचलला.

अंकिता साक्षीला कडेवर घेऊन उभी राहिली आणि तिनं खड्या आवाजात देवीची आरती धरली.

या गावात भांडण अर्ध्यात थांबलेलं आहे, पंगत अर्ध्यातून उठलेली आहे, पण आरती अर्धी सोडलेली कुणी पाहिलेली नाही. दुसऱ्या ओळीला भामाबाई उभी राहिली, तिसऱ्या ओळीला सगळं अंगण. टाळ्या सुरू झाल्या. बिरदेवनं सवयीनं घंटी हातात घेतली. महाराज चिमटा घेऊन नळीकडे सरकले तसे निवृत्त हवालदार आकाराम गुरकावले, "महाराज! आरती चाललीया!" देवाचा माणूस आरतीत टाळी वाजवत नाही हे दिसायला बरं नव्हतं. मग महाराज चिमट्यासकट टाळ्या वाजवू लागले.

पहिली आरती संपली. महाराज हलले. पण भामाबाईचा गळा एकदा तापला की तिला कोण आवरणार? तिनं दुसरी धरली. मग तिसरी. नळीतली लाली केव्हाच गेली होती. कपाळावरचं गंध घामानं ओघळून महाराजांच्या नाकावर आलं.

शेवटी आकारामांनीच पट्टी ओढून काढली आणि उंच धरली. लख्ख!

"शालूबाई निर्मळ हाय!"

महाराज गडबडले, पण क्षणभरच. "आरतीनं पाप धुतलं! आमच्या सान्निध्यात..."

"थांबा महाराज," अंकिता म्हणाली. तिनं साक्षीला शालूबाईंकडे दिलं. "आता तुमी पट्टी धरा. लाल झाली की लगेच काढायची. मंत्र न्हाई, आरती न्हाई."

"आम्ही संन्यासी! आमची परीक्षा?"

"का वो, भ्या वाटतंय?" मागून एक म्हातारी म्हणाली आणि अंगणात पहिल्यांदा हसू पसरलं.

आकारामांनी एक पट्टी महाराजांच्या मुठीत कोंबली आणि मग नळीत सरकवली. "बिरदेवा, दाब बटण," ते फौजी आवाजात म्हणाले. हुकूम ऐकायची सवय असलेल्या बिरदेवनं दाबलं. महाराजांची पट्टी लाल झाली, दिवे विझले आणि अंकितानं ती चिमट्यानं तत्काळ बाहेर ओढली. निळी. मग काळी.

"अरारा," भामाबाई म्हणाली, "ह्यो तर चोराच्या बी वरचा निघाला."

"अजून एक," अंकिता म्हणाली. तिनं नवी पट्टी घेतली, दावणीला बांधलेल्या म्हशीच्या पाठीवर चोळली आणि नळीत सरकवली. या वेळी बिरदेवनं न सांगताच बटण दाबलं, पट्टी लाल झाली, दिवे विझले. म्हैस रवंथ करत होती. पुरेसा वेळ गेल्यावर पट्टी बाहेर आली, तिच्यात तोंड बघावं अशी.

"म्हस निर्दोष!" आकारामांनी निकाल दिला. अंगण खदखदून हसलं. महाराज गाडीची किल्ली शोधू लागले.

अंकितानं ब्रह्मदंडाचं कापड ओढलं. माळा तुटल्या, झेंडू घरंगळले आणि राखाडी अंगाचं, काळ्या मानेचं सिलिंडर उघडं पडलं.

"हा नायट्रोजन. टायरवाल्याकडं पण मिळतो," ती म्हणाली. "दिव्यातून जी उष्णता निघते ती उन्हासारखी काचेतून आत जाते आणि पट्टीला तापवते. हे पत्रे ती परत पट्टीवरच फेकतात. म्हणून जाळ दिसत न्हाई. आता तापलेल्या लोखंडाला हवा लागली की त्यावर पातळ थर धरतो, गंजाचाच भाऊबंद. लोहाराच्या भट्टीतून निघालेला विळा काळा का असतो? चिरलेलं सफरचंद उघडं ठेवल्यावर तांबूस का होतं? तसंच हे. नळीत हवा न्हाई, म्हणून आत थंड झालेली पट्टी चकचकीत राहते. गरम असताना बाहेर काढली की काळी. महाराजांना ज्याला सोडवायचं त्याच्यासाठी मंत्र मोठा, ज्याला बुडवायचं त्याच्यासाठी छोटा. एवढाच ह्यांचा देव!"

"आनि आमचा बेदाना?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"तुमी शेडवाले. दमट हवेत द्राक्ष काळं पडतं हे मी सांगायला पायजे? नजरेनं माल काळा पडला असता तर व्यापाऱ्यांच्या नजरेनं तासगावात एक दाणा पिवळा राहिला नसता. कुनी चमत्कार दाखवला तर हात जोडायच्या आधी एवढंच म्हणा, पुन्हा करून दाखव, आणि या वेळी मी सांगतो तसं कर. खरं असंल ते पुन्हा बी खरंच निघंल. आणि एखाद्या बाईला चेटकीण ठरवणं हा गुन्हा हाय, त्याला कायदा हाय."

"पोलीस पाटलाला फोन लावलाय," आकाराम म्हणाले आणि गाडीच्या दारापुढे खुर्ची टाकून बसले.

दुपारपर्यंत महाराज, बिरदेव आणि तिसरा डोळा पोलिसांच्या गाडीत बसून गेले. महाराज जाताना कुणाकडे बघत नव्हते. माणसं उठली, कपडे झटकले. डाळभाताचा प्रसाद मात्र सगळ्यांनी पोटभर खाल्ला. आम्हाला पहिल्यापासूनच शंका होती, असं म्हणणारी माणसं दर घासाला वाढत गेली. दुसऱ्यांदा वाढून घेताना भामाबाई म्हणाली, "मला तर त्याचं तोंडच आवडलं न्हवतं."

शालूबाई शेडच्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांच्यासमोरून माणसं गेली. कुणी आभाळाबद्दल बोललं, कुणी एसटीबद्दल. नानासो थांबले, घसा खाकरला, शेडच्या पडद्यांकडे पाहत म्हणाले, "उद्या जरा लवकर ये," आणि आत गेले. शालूबाईंनी मान हलवली. खोली राहिली, काम राहिलं. गुडघ्यावर हात ठेवून त्या उठल्या आणि कुणी न सांगता अंगणातले झेंडू झाडू लागल्या.

अंकितानं त्यांच्या हातून झाडू घेतला. त्यांनी परत घेतला. मग अंकितानं खाली वाकून झेंडू ओंजळीत गोळा केले.

घरी जाताना साक्षी बोट धरून चालत होती, वाटेतला खडा पायानं ढकलत. ओढ्याच्या वळणावर ती थांबली आणि मान वर करून तिनं विचारलं,

"आई, काल मी शिवतेजला ढकललं तर तू मला 'चुकलं' म्हणायला लावलंस. मग इतक्या मोठ्या माणसांतलं एक बी शालूआजीला 'चुकलं' का न्हाई म्हणालं?"